चौथीचं पाणी आणि हुकलेलं स्थानक : एका विज्ञान सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घाटावरच्या एका माध्यमिक शाळेची ही हकिगत. शाळेचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी तिथे विज्ञान शिकवत होतो आणि पुढे येणाऱ्या दोन्ही चुकांच्या कागदांवर माझी सही आहे.

शाळा दरवर्षी २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, नववीची सहल अलिबागला नेते. निमित्त तिथल्या चुंबकीय वेधशाळेचं. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागणार आणि त्यांच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून हे काम १९०४ साली मुंबईतल्या कुलाब्याहून अलिबागला हलवलं गेलं. मुलांना ही गोष्ट ऐकायला आवडते. पण खरं सांगायचं तर त्यांचं लक्ष असतं समुद्राकडे. घाटावरच्या पोरांना समुद्र वर्षातून एकदा दिसतो आणि समोरच पाण्यात कुलाबा किल्ला उभा असतो. ओहोटीला चालत जायचं, भरतीला होडी, मधल्या वेळेत घोडागाडी.

पहिल्या वर्षी सगळं झकास झालं. साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो, पोटरीभर पाण्यातून किल्ल्यात गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, चारही बाजूंना खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचं टाकं कसं याचं आश्चर्य करून झालं आणि एकच्या सुमारास परत आलो. पुढच्या वर्षी सहलीची फाईल उघडली, वेळापत्रकावर ‘मागील वर्षीप्रमाणे’ असा शेरा मारला आणि सही केली.

अडचण

दुसऱ्या वर्षी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. बेचाळीस मुलं, तीन शिक्षक. पाण्यात थोडं आत जाऊन अंदाज घेतला, तर गुडघ्याच्या किंचित वर. मागच्या वर्षी पोटरीभर होतं, यंदा थोडं जास्त, एवढाच फरक. मुलांनी चपला हातात घेतल्या होत्या. मी हो म्हणणारच होतो.

तेवढ्यात शेजारी टेकलेला घोडागाडीवाला बोलला. आमच्या सोबतच्या बाईंनी गाडीत खिचडीचा डबा उघडलेला त्याने पाहिला असावा. “बाई, उपास हाय ना आज? मंग चवथ झाली. चार पाऊण तीन. तीनला पानी फुल. आता पोरं घालाल तं परत कशी आननार?”

बाई विज्ञानाच्या पदवीधर. सकाळपासून संकष्टी धरून बसलेल्या. चंद्रोदय किती वाजता, हे त्यांना मिनिटानिशी पाठ होतं. पण ज्या चंद्रासाठी उपास, तोच हे पाणी हलवतो, ही जोड त्यांच्याही डोक्यात आली नाही आणि माझ्याही. मी तर आदल्याच आठवड्यात वर्गात भरती-ओहोटीचा धडा संपवला होता.

मुळात घोटाळा काय झाला होता ते नीट समजून घ्यायला हवं. मागच्या वर्षीची २८ फेब्रुवारी होती शुद्ध नवमीला. यंदाची आली वद्य चतुर्थीला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी साधारण अकरा तिथी, एखादी कमीजास्त, पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नवमीला पावणेसात, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) त्याआधी सहा तास, साडेबाराच्या आसपास. चतुर्थीला तीन, म्हणजे सुकती सकाळी नऊच्या आतबाहेर होऊन गेलेली. आम्ही पोचलो तेव्हा पाणी अडीच तास चढत होतं.

हा हिशेब अडाणी नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. पाऊण तास म्हणजे ४५. तोंडी हिशेबाला याहून सोपा आकडा सापडणार नाही. अमावास्या-पौर्णिमेला मुंबई-अलिबागला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून सुरुवात बारापासून. ही मात्र त्या किनाऱ्याची सोय आहे. भरतीची लाट किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकते. रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी पोचते, भावनगरला कितीतरी उशिरा. पाऊणकी घेऊन भावनगरला गेलात तर फसाल.

आणि आता खरी मेख. उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती इथे नेहमी दुपारी किंवा मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणून उधाणाची खोल ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. भर दुपारी ओहोटी हवी असेल तर ती अष्टमी-नवमीलाच मिळणार, म्हणजे भांगाची, कमी चढ-उताराची. भांगाच्या ओहोटीला पाणी फारसं उतरत नाही. मुंबई बंदरात उधाणाला पाणी साधारण साडेचार मीटरवरून पाऊण मीटरपर्यंत खाली येतं, भांगाला सव्वातीनवरून पावणेदोनपर्यंतच. म्हणून मागच्या वर्षी आम्ही ऐन ओहोटीतही पोटरीभर पाण्यातून गेलो होतो आणि ‘किल्ल्याच्या वाटेवर एवढं पाणी असतंच’ असं डोक्यात बसलं होतं. यंदाचं गुडघाभर पाणी अर्ध्या भरतीचं होतं. दिसायला जवळपास सारखं, पण मागचं पाणी थांबलेलं आणि हे धावत येणारं. पाणी किती आहे ते आम्ही पाहिलं, कुठे निघालंय ते पाहिलं नाही.

समोरचे पर्याय

किनाऱ्यावर उभं राहून पंधरा मिनिटं आमची बाचाबाची झाली. मुलं ऐकत होती, तेही बरं नव्हतं.

क्रीडाशिक्षकांचं म्हणणं, पळत जाऊ, दरवाज्यात फोटो काढू आणि बारा वाजता माघारी. बेचाळीस मुलं पळत कुठेही जात नाहीत, हे ते सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा पर्याय घोडागाडीने जायचं आणि होडीने यायचं. हा खरं तर वाजवी होता. पण सगळी मुलं एका फेरीत मावणार नव्हती, पालकांच्या संमतिपत्रात होडीचा उल्लेख नव्हता आणि जीवरक्षक जाकिटं किती आहेत हे विचारल्यावर समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही.

तिसरा, रात्रीच्या ओहोटीपर्यंत थांबायचं. ती नऊच्या सुमारास. अंधारात, परतीचा घाट बाकी असताना. हा पर्याय बोलून होताच मेला.

चौथा, किल्ला सोडून द्यायचा.

मी वाळूवर काठीने हिशेब मांडला. आत-बाहेर करून परत यायला एक-सव्वा वाजणार, म्हणजे पावणेदोन तास. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला आणि शेवटी हळू, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात. पाण्याची चढ-उतार तीन मीटर धरली तर मधल्या काळात तासाला पाऊण मीटर. आत्ताचं अर्धा मीटर, त्यात सव्वा मीटरची भर. एक मीटर पंचाहत्तर. नववीच्या मुलांत एवढी उंची फक्त एकाची होती.

काय केलं

किल्ला रद्द केला. मुलांचे चेहरे पाहवत नव्हते. एका मुलीने तर मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “सरांना सगळ्याचीच भीती वाटते.”

घोडागाडीवाल्याकडून एक बांबू मिळाला. त्यावर टेपने दर १० सेंटीमीटरला खूण केली, पाण्याच्या कडेला रोवला आणि मुलांच्या जोड्या लावल्या. दर पंधरा मिनिटांनी वाचन घ्यायचं. लाटांमुळे आकडा नाचतो, म्हणून दहा लाटांची सरासरी. पहिल्या अर्ध्या तासात पाणी ३५ सेंटीमीटर चढलं आणि कुरकुर बंद झाली. ज्या दगडावर चपला ठेवल्या होत्या तो दिसेनासा झाला, दोन जोड वाहून गेले. बांबू दोनदा मागे आणून रोवावा लागला. अडीचनंतर आकडे हलायचे थांबले, पावणेतीनला पाणी थबकलं. घोडागाडीवाल्याचे तीन आणि आमचे पावणेतीन. मुलांनी त्याला टाळ्या दिल्या.

या मधल्या वेळात खरा धडा झाला. एका मुलाने विचारलं की चंद्र पाणी ओढतो तर भरती दिवसातून एकदाच यायला हवी, रात्री पलीकडच्या बाजूला कोण ओढतं? पुस्तकातलं चित्र दाखवून हा प्रश्न सुटत नाही. मी म्हटलं, चंद्र नुसतं पाणी ओढत नाही, अख्खी पृथ्वी ओढतो. पृथ्वी सतत चंद्राकडे पडत असते, जसा चंद्र पृथ्वीकडे. जवळच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जरा जास्त ओढलं जातं, लांबच्या बाजूचं जरा कमी. एक पुढे निघतं, एक मागे राहतं. ताण पडतो तो या फरकाचा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या या टोकाला काय आणि त्या टोकाला काय, ओढ जवळपास सारखीच. अंतर दुप्पट झालं तर ओढ चौपट कमी होते, पण हा फरक आठपट कमी होतो.

(अर्थात महासागर पृथ्वीभर सलग पसरलेला नाही. जमिनी आडव्या येतात, उथळ समुद्रात लाट रेंगाळते. म्हणून चंद्र डोक्यावर आणि भरतीही त्याच क्षणी, असं होत नाही. हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.)

दुसरा अंक : शाळेची गच्ची

सहलीवरून आल्यावर बैठक झाली. ठरलं की यापुढे वेळापत्रक अंदाजाने करायचं नाही, शास्त्रीय कोष्टक पाहून, आधीच छापून ठेवायचं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून पाण्याची पातळी मोजली जाते. इथल्या बंदरांच्या भरतीचं भाकीत करायला १८७९ साली इंग्लंडमध्ये चाकं-कप्प्यांचं खास यंत्र बनवलं गेलं होतं. वर्षभर आधी छापलेली वेळ काही मिनिटांच्या आत बरोबर येते. मी भारावून गेलो होतो.

त्याच भरात पुढचा कार्यक्रम आखला. पालकांसह गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पाहायचं. संगणकावर प्रोग्रॅम होता, कक्षेचे आकडे त्या दिवशीचे उतरवून घेतले, तीन आठवड्यांनंतरच्या एका संध्याकाळची वेळ काढली. प्रोग्रॅमने सेकंदासह वेळ दिली. निमंत्रणं छापली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, “सर, एकदा परत बघायचं का?” मी म्हटलं, छापलंय ना आता.

हा माझा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या वेळी मी कोष्टक पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी कोष्टक पाहिलं, पण ते किती दिवस टिकणारं आहे हे विचारलं नाही.

दीडेकशे माणसं वायव्येकडे माना वळवून उभी. ठरलेला सेकंद आला, गेला. एक मिनिट. दोन. मी जाहीर केलं की क्षितिजावर धुरकट आहे, आज दिसणार नाही, चहा खाली आहे. लोक जिन्याकडे निघाले. तिघं पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती, ती उतरली नाहीत. साडेतीन मिनिटं उशिरा ती ओरडली. जिन्यात अडकलेल्यांपैकी निम्म्यांना काहीच दिसलं नाही.

घरी जाऊन ताजे आकडे घातले तर वेळ बरोबर जुळली. मधल्या काळात स्थानकाची इंजिनं चालवून त्याची उंची वाढवण्यात आली होती. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. तिथे हवा अगदी विरळ, पण आहे. तिच्या घर्षणाने ते महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं आणि अधूनमधून त्याला वर ढकलावं लागतं. सूर्य खवळला की वरची हवा फुगते आणि घसरण वाढते, तेही आधी नक्की सांगता येत नाही. उंची एक किलोमीटरने वाढली की एका फेरीला साधारण सव्वा सेकंद जास्त लागतो. दिवसात साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोज १९ सेकंद. अकरा दिवसांत साडेतीन मिनिटं. तेवढ्या वेळात पृथ्वीही खाली फिरत असते, त्यामुळे स्थानक आकाशात नेमक्या त्याच वाटेनेही आलं नाही.

चंद्राला हवा अडवत नाही. त्याचं इंजिन कोणी चालवत नाही. म्हणून त्याचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे तेच, हिशेबाचं गणितही तेच. फरक फक्त त्यात दुसरं कोण ढवळाढवळ करतं याचा. तसं भरतीच्या कोष्टकातही खोट असते. ते आकाशाचा हिशेब देतं, वाऱ्याचा नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सेंटीमीटरभर चढतं. चक्रीवादळात कोष्टकावर विसंबणारा कोळी मी पाहिलेला नाही.

निष्पत्ती

चपलांचे दोन जोड आणि दीडशे कप चहा सोडला तर नुकसान काही नाही. माझ्या अब्रूचं सोडा. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला, मी दिला.

पण वर्गात बरंच काही उरलं. टाकीवरच्या तिघांपैकी एकाने विचारलं, “सर, स्थानकाला तिथी असते का?” मला हा प्रश्न फार आवडला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. चंद्र रोज पूर्वेकडे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. पृथ्वी मध्यावर फुगीर आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त. त्या फुगीर भागाच्या ओढीने स्थानकाच्या कक्षेचं प्रतल रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकतं. सूर्याच्या मानाने धरलं तर सहा अंश, म्हणजे रोज २४ मिनिटं लवकर. सहा अंशांनी साठ दिवसांत चक्र पुरं होतं, म्हणून संध्याकाळी दिसण्याचे दिवस दर दोनेक महिन्यांनी परत येतात. आहे, म्हटलं, त्यालाही तिथी आहे. फक्त त्याचं पंचांग दर आठवड्याला नवं काढावं लागतं.

दुसऱ्याने विचारलं ते नेहमीचं : तिथे गुरुत्व नाही म्हणून माणसं तरंगतात ना? चारशे किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असते. स्थानक पडतच असतं, पण सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पुढेही जातं, त्यामुळे खालची जमीन तेवढीच वळून लांब जाते. समुद्रावर सांगितलेलं ‘पडणं’ मुलांना आठवत होतं, म्हणून इथे पाच मिनिटांत काम झालं. एरवी या एका गैरसमजाशी माझे दोन तास जातात.

आज पुन्हा ठरवायचं झालं तर

किनाऱ्यावर मी मुलांसमोर वाद घालणार नाही. आणि पाण्यात पाय घालण्याआधी दहा मिनिटं एक काठी रोवून बघत बसेन. काठी विनामूल्य मिळते. पहिल्या वर्षी सगळं सुरळीत झालं तेव्हाच ‘का झालं’ असं कोणीतरी विचारायला हवं होतं. बाईंचं म्हणणं, खरी चूक तिथेच आहे, दुसऱ्या वर्षीची नाही. मला ते पूर्ण पटत नाही. गोष्ट चांगली झाली की कोण चौकशी करतं?

गच्चीवरच्या कार्यक्रमाला निमंत्रणात ‘अमुक संध्याकाळ, सूर्यास्तानंतर’ एवढंच छापेन, नेमकी वेळ त्या दिवशी दुपारी कळवेन. आणि वेळ उलटली तरी दहा मिनिटं कोणाला जिन्याकडे जाऊ देणार नाही. धुरकटाचं कारण मी जागच्या जागी बनवलं होतं, आकाश स्वच्छ होतं. त्याची लाज अजून वाटते.

संमतिपत्रात आता होडीचा रकाना आहे.

त्यानंतरच्या २८ फेब्रुवारीला आली प्रतिपदा. पाऊणला पाणी भरणार, आणि तेही उधाणाचं. सहल आठवडाभर पुढे ढकलावी असं मी लिहिलं. विज्ञान दिनाची सहल मार्चमध्ये कशी, परीक्षा तोंडावर, असे दोन शेरे पडले. बाईंनी तिसरा शेरा मारला : ‘समुद्राला विज्ञान दिन माहीत नाही.’ गेलो अष्टमीला. बाराच्या सुमारास पाणी पोटरीच्या खाली होतं. घोडागाडीवाल्याने आम्हाला ओळखलं. खुणा केलेला बांबू त्याने जपून ठेवला होता, गाडीच्या छताला बांधून.